लांब पल्ल्याची वाट : चाल आणि दुडकी

चालणे आणि धावणे या एकाच क्रियेच्या दोन पायऱ्या आहेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घाई नसली की माणूस चालतो, घाई असली की धावतो आणि दम लागला की पुन्हा चालू लागतो. त्यामुळे धावणाऱ्याने मध्येच चालणे हे हार पत्करल्याचे लक्षण मानले जाते. शाळेच्या मैदानावरील चारशे मीटरच्या शर्यतीपुरती ही समजूत खरीही आहे. परंतु वाट शेकडो किलोमीटरची असेल, ती डोंगरांतून जात असेल आणि आज कापले तितकेच अंतर उद्याही कापावयाचे असेल, तर सारा हिशेब बदलतो. अशा वाटेवर जो सर्वांत जास्त धावतो तो सर्वांत आधी पोहोचतोच असे नाही. कोठे चालावे आणि कोठे धावावे हे ज्याला कळते तो आधी पोहोचतो. हे असे का घडते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

प्रथम एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन पर्वतरांगांतून एक पायवाट जाते. दक्षिणेकडे जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर या डोंगरापासून उत्तरेकडे मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांतून जाणारी ही 'ॲपलेशियन ट्रेल' सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची आहे. बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग पूर्ण झाली. अर्ल शॅफर या तरुणाने १९४८ मध्ये ती एका दमात पायी पार केली तेव्हा त्याला १२४ दिवस लागले. आजही पाठीवर बिऱ्हाड घेऊन ही वाट चालणाऱ्यास साधारणतः पाच ते सात महिने लागतात. मात्र ती कमीत कमी वेळात पार करण्याचे प्रयत्नही सतत होत आले आहेत. अशा प्रयत्नांत अन्न, कपडे आणि निवारा यांची सोय ठिकठिकाणी सोबत्यांनी केलेली असते.

जेनिफर फार डेव्हिस या स्त्रीने २०११ मध्ये ही वाट ४६ दिवस, ११ तास आणि २० मिनिटांत पार केली. तिची ख्याती धावपटू म्हणून नव्हती. ती मुळात दूरवर चालणारी होती आणि या वाटेवरही ती मुख्यतः चाललीच. त्यानंतर चार वर्षांनी, २०१५ मध्ये, स्कॉट ज्युरेक हा नामवंत धावपटू तिचा विक्रम मोडण्यासाठी निघाला. कॅलिफोर्नियातील 'वेस्टर्न स्टेट्स' ही शंभर मैलांची शर्यत त्याने १९९९ ते २००५ अशी ओळीने सात वर्षे जिंकलेली होती. त्याला लागलेला वेळ ४६ दिवस, ८ तास आणि ७ मिनिटे असा होता. म्हणजे जगातील एक अव्वल धावपटू आणि एक निष्णात चालणारी स्त्री यांच्यात साडेतीन हजार किलोमीटरनंतर पडलेले अंतर अवघे तीन तास तेरा मिनिटांचे! ज्युरेकला सुरुवातीच्या काळातच गुडघ्याची व मांडीची दुखापत झाली होती आणि पुढे पावसानेही त्याला गाठले, हे खरे. पण दुखापत आणि पाऊस हे लांब वाटेचे अपवाद नव्हेत, ते तिचे नेहमीचे सोबती आहेत.

आकड्यांकडे पाहिले की या गोष्टीचे आश्चर्य कमी होते. साडेशेहेचाळीस दिवसांत साडेतीन हजार किलोमीटर म्हणजे दररोज सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. दिवसातील सोळा तास वाटेवर घालवले असे धरले तर ताशी वेग पावणेपाच किलोमीटरच्या आत-बाहेर येतो. हा वेग सपाट रस्त्यावर कोणीही निरोगी माणूस सहज गाठू शकतो. कठीण आहे ते सोळा तास आणि सेहेचाळीस दिवस. लांब वाटेवर वेळ वाया जातो तो मंद चालण्यात नव्हे, तर थांबण्यात, बसून राहण्यात, लंगडण्यात आणि थकून झोपण्यात.

यावरून धावणे निरुपयोगी आहे असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. कारेल साब या बेल्जियन दंतवैद्याने २०१८ मध्ये ही वाट ४१ दिवस, ७ तास आणि ३९ मिनिटांत पार केली आणि २०२४ मध्ये टारा डावर या तरुणीने ती ४० दिवस, १८ तास आणि ६ मिनिटांत पार करून त्याच्याही पुढे मजल मारली. केवळ चालून हा वेळ साधत नाही, आणि केवळ धावून तर मुळीच साधत नाही.

'जॉगिंग' हा शब्द आता मराठीत रुळला असला तरी सकाळी बागेत घातलेल्या फेऱ्या एवढाच त्याचा अर्थ मनात येतो. घोड्याच्या चालींपैकी पावलाने चालणे आणि भरधाव दौडणे यांच्या मधल्या चालीला 'दुडकी' म्हणतात. आपल्याला अभिप्रेत असलेली माणसाची संथ, आटोपशीर धाव हीच आहे. म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे. घोड्याचे उदाहरण अन्य कारणानेही येथे समर्पक आहे. हॉइट आणि टेलर या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, घोडा आपल्या प्रत्येक चालीत ज्या वेगाला सर्वांत कमी ऊर्जा लागते त्याच्याच आसपासचा वेग पसंत करतो आणि दोन चालींच्या मधले महागडे वेग टाळतो. हे शहाणपण माणसाच्या शरीरातही आहे, फक्त घड्याळ आणि ईर्षा यांच्या नादी लागून आपण ते विसरतो.

चालणे आणि धावणे यांतील भेद वेगाचा नसून यंत्रणेचा आहे. चालताना एक पाय सदैव जमिनीवर असतो आणि शरीर त्या ताठ पायावरून, उलट्या लंबकाप्रमाणे, कमानीच्या आकारात पुढे जाते. कमानीच्या माथ्यावर शरीर उंच पण मंद असते. उतरताना ते खाली येते आणि वेग घेते. उंचीत साठलेली ऊर्जा गतीत आणि गतीतील ऊर्जा पुन्हा उंचीत, अशी ही देवघेव चालू असल्याने स्नायूंना प्रत्येक पावलाला थोडीच भर घालावी लागते. धावण्यात मात्र दोन्ही पाय काही क्षण जमिनीपासून सुटतात आणि शरीर चेंडूप्रमाणे उसळत जाते. पाऊल टेकताच टाचेवरची जाड कंडरा आणि तळव्याची कमान ताणली जाते आणि पाऊल उचलताना ती स्प्रिंगसारखी आपली ऊर्जा परत देते. ही व्यवस्था कौशल्यपूर्ण असली तरी स्वस्त नाही. चालताना पावलावर शरीराच्या वजनाहून थोडाच अधिक भार येतो, धावताना तो वजनाच्या दुप्पट ते तिप्पट होतो.

इटलीतील शरीरशास्त्रज्ञ रोदोल्फो मार्गारिया यांनी १९३८ मध्येच या दोन्ही क्रियांच्या ऊर्जाव्ययाची मोजमापे प्रसिद्ध केली होती. त्यांतून आणि पुढील संशोधनातून निघालेला निष्कर्ष असा : सपाट जमिनीवर धावताना प्रत्येक किलोमीटरला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी लागते, आणि विशेष हे की, वेग कमी-अधिक केल्याने हा आकडा फारसा बदलत नाही. चालण्याचे तसे नाही. ताशी साडेचार-पाच किलोमीटर या वेगाने चालताना हा खर्च जवळजवळ निम्मा असतो. पण वेग वाढवू लागलो की तो झपाट्याने चढतो आणि ताशी सात-साडेसात किलोमीटरच्या सुमारास धावण्याच्या खर्चाला येऊन भिडतो. नेमक्या याच वेगाच्या आसपास माणूस नकळत चालणे सोडून धावू लागतो. त्याहून वेगाने चालण्याचा हट्ट धरला तर प्रथम नडगीच्या पुढील भागातील स्नायू तक्रार करतात. हट्टालाही मर्यादा आहे. उलट्या लंबकाचे गणित असे सांगते की, पायाची लांबी नव्वद सेंटिमीटर असलेल्या माणसाने ताशी साडेदहा-पावणेअकरा किलोमीटरच्या पलीकडे साधे चालणे चालावयाचे म्हटले, तर गुरुत्वाकर्षण त्याला कमानीवर धरून ठेवू शकत नाही; पाऊल जमिनीवरून सुटतेच.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. समजा, आपल्याला ताशी आठ किलोमीटर या वेगाने जावयाचे आहे. हा वेग मोठा अडचणीचा आहे. चालण्यासाठी तो फार जास्त आणि धावण्यासाठी फार कमी. घाईघाईने चालले तरी महाग, रेंगाळत धावले तरी महाग. मग त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग कोणता? काही वेळ आरामशीर चालावे आणि काही वेळ मोकळेपणाने धावावे, म्हणजे सरासरी आपोआप आठ येते. लेरॉय लाँग आणि मनोज श्रीनिवासन या अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २०१३ मध्ये या प्रश्नाचे गणिती विवेचन केले आणि प्रयोगही केला. ठरावीक अंतर ठरावीक वेळेत, लवकर नाही आणि उशिरा नाही, असे कापावयास सांगितले असता माणसे मधल्या वेगांच्या बाबतीत स्वतःहून थोडे चालून थोडे धावू लागतात, असे त्यांना आढळले. कोणी त्यांना तसे शिकवले नव्हते. गणिताचा आशय असा की, चालण्याच्या आणि धावण्याच्या खर्चाच्या दोन वक्ररेषा जेथे एकमेकींना छेदतात तेथे टेकाडासारखा उंचवटा तयार होतो. त्या उंचवट्यावर चढण्याऐवजी अलीकडील स्वस्त बिंदूवरून पलीकडील स्वस्त बिंदूवर सरळ पूल टाकावा. मिश्र चाल म्हणजे असा पूल होय.

बालवीर चळवळीतील जुन्या मंडळींना हे वाचून 'स्काउट पेस'ची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. बेडन-पॉवेल यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या 'स्काउटिंग फॉर बॉइज' या पुस्तकात मोजून काही पावले धावणे आणि तितकीच पावले चालणे, ही रीत न थकता दूर जाण्याची युक्ती म्हणून सांगितली आहे. पुढे बालवीरांच्या परीक्षेत या चालीने एक मैल बारा मिनिटांत जावयाचा असा दंडक आला. बारा मिनिटांत एक मैल म्हणजे ताशी आठ किलोमीटर! ज्या अडचणीच्या वेगाचा वर उल्लेख केला तोच हा वेग. प्रयोगशाळेची मदत न घेता केवळ अनुभवाच्या बळावर हा दंडक ठरला असला पाहिजे आणि तो अगदी नेमका बसला आहे.

येथे सरासरी काढण्यातील एका फसव्या जागेचा उल्लेख केला पाहिजे. ताशी सहा किलोमीटर चालणे आणि ताशी दहा किलोमीटर धावणे यांची सरासरी आठ येते, पण दोन्ही क्रियांना सारखा वेळ दिला तरच. सारखे अंतर दिले, म्हणजे एक किलोमीटर चाललो आणि एक किलोमीटर धावलो, तर दहा मिनिटे अधिक सहा मिनिटे अशी सोळा मिनिटे लागतात आणि सरासरी साडेसातच येते. पावले मोजून अदलाबदल करणाऱ्यांचा हिशेब यामुळेच थोडा मागे पडतो.

मिश्र चालीचा इतिहास बालवीरांहूनही जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत सहा दिवसांच्या पायी शर्यती अतिशय लोकप्रिय होत्या. टाच टेकवून, नियमानुसार चालले की नाही यावरून त्यांत सतत तंटे होत. त्यावर उपाय म्हणून सर जॉन ॲस्ली यांनी १८७८ मध्ये लंडन येथे जी शर्यत भरवली तिचा नियम 'जसे जमेल तसे जा' असा होता. स्पर्धकाने चालावे, धावावे, रांगले तरी हरकत नाही. पहिली शर्यत डॅनियल ओलिअरी या मूळच्या चालणाऱ्यानेच ५२० मैल, म्हणजे सुमारे ८३७ किलोमीटर जाऊन जिंकली. त्याचा प्रतिस्पर्धी एडवर्ड पेसन वेस्टन हा तर आयुष्यभर चालण्याचाच पुरस्कर्ता होता. परंतु १८७९ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने चालीला धावण्याची जोड दिली आणि सहा दिवसांत ५५० मैल जाऊन सर्वांना थक्क केले. जॉर्ज लिटलवुड याने १८८८ मध्ये न्यू यॉर्क येथे ६२३ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे १,००४ किलोमीटर अंतर कापले. हा विक्रम मोडण्यासाठी १९८४ मध्ये यानिस कूरोस या ग्रीक धावपटूला यावे लागले. मधल्या शहाण्णव वर्षांत क्रीडाशास्त्राची, आहारशास्त्राची आणि पादत्राणांची केवढी प्रगती झाली!

आपल्या देशात पायी डाकेची परंपरा मोठी आहे. चौदाव्या शतकात येथे आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने सुलतानाच्या पायी डाकेचे वर्णन केले आहे. एका मैलात तीन चौक्या असत, घुंगरांची काठी घेतलेला हरकारा जीव तोडून धावत येई आणि पुढचा आवाज ऐकताच कंबर कसून तयार राही. चौकीला त्याने दिलेले 'दावा' हे नाव आपल्या 'धाव' या शब्दाशी जोडले जाते. पायी डाक घोड्यांच्या डाकेहूनही जलद होती, असे तो सांगतो. तथापि हे उदाहरण आपल्या विषयाची मर्यादाच स्पष्ट करते. हरकाऱ्याला धावणे परवडत होते, कारण तिसऱ्या हिश्शाच्या मैलावर ताजे पाय त्याची वाट पाहत होते. एकट्या वाटसरूला पुढच्या चौकीवर भेटतात ते त्याचे स्वतःचेच थकलेले पाय.

आतापर्यंतचे विवेचन सपाट जमिनीला धरून केले. डोंगरातील वाट सपाट नसते आणि मिश्र चालीचा खरा लाभ तेथेच दिसून येतो. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा आडाखा दिला, तो आजही वापरात आहे. दर तीन मैलांना एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास मिळवावा. म्हणजेच ताशी पाच किलोमीटर आणि सहाशे मीटर चढाला एक तास. तीस किलोमीटर लांबीच्या आणि एकूण नऊशे मीटर चढाच्या वाटेला यानुसार साडेसात तास लागतील. आता या वाटेवर सपाट आणि सौम्य उताराचे मिळून बारा किलोमीटर आहेत आणि तेवढेच अंतर ताशी साडेआठ किलोमीटरच्या दुडकीने कापले असे समजा. चालत १४४ मिनिटे लागली असती, ती आता ८५ लागतील. जवळजवळ एक तास वाचला. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसाला त्यासाठी जादा खर्च पडेल तो फार तर साडेतीनशे किलोकॅलरींचा, म्हणजे एका बऱ्यापैकी न्याहारीएवढा. उरलेल्या अठरा किलोमीटरमध्ये तो पूर्वीप्रमाणेच चालला आहे.

हाच तास चढावर धावून का मिळवू नये? मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अतितीव्र चढ-उतारांवरील ऊर्जाव्ययाची मोजमापे प्रसिद्ध केली. सपाटीवर धावणे आणि चालणे यांच्या खर्चात मोठी तफावत असते. चढ जसजसा तीव्र होतो तसतशी ती तफावत कमी होत जाते, कारण शरीर वर उचलण्याचे काम दोन्हींत सारखेच असते. हे वाचून कोणास वाटेल की, मग चढावर धावलेलेच बरे. पण येथे किंमत नव्हे, तर हप्ता महत्त्वाचा आहे. शंभर मीटर अंतरात वीस मीटर वर नेणाऱ्या चढावर चालणे अगदी संथ करता येते; धावणे मात्र एका मर्यादेपलीकडे संथ करताच येत नाही, कारण प्रत्येक पावलाला शरीर उसळावेच लागते. त्यामुळे दर मिनिटाला लागणारा प्राणवायू सामान्य माणसाच्या फुप्फुसांच्या आणि हृदयाच्या कुवतीबाहेर जातो. तोच ऐवज, पण एका तासात फेडावयाचा की दोन तासांत, हा तो प्रश्न आहे. जो चढावर धावतो तो माथ्यावर पाच मिनिटे आधी पोहोचतो आणि तेथे दहा मिनिटे गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहतो. अनुभवी मंडळींची यासाठी एक साधी खूण आहे. वाटेचे पुढचे वळण वरच्या अंगाला दिसत असेल तर चालावे.

उताराचे गणित वेगळेच आहे. शंभर मीटरला दहा मीटर उतरणाऱ्या वाटेवर चालणे आणि वीस मीटर उतरणाऱ्या वाटेवर धावणे यांचा ऊर्जाव्यय सर्वांत कमी असतो, असे वरील मोजमापांत आढळले. म्हणून उतारावर दुडकी स्वाभाविकच सुचते आणि वेळही तेथेच वाचतो. परंतु ऊर्जा वाचली म्हणजे पाय वाचले असे नव्हे. उतरताना मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराला रोखून धरतात. या रोधक कामात ऊर्जा थोडी लागते, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात. त्या लगेच जाणवत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना त्यांची ओळख पटते. एका दिवसाच्या शर्यतीत हे सोसता येते. दहा दिवसांच्या वाटेवर पहिल्याच दिवशी उतारावर मोकाट सुटलेला माणूस उरलेले नऊ दिवस त्याचे व्याज फेडीत राहतो. तेव्हा उतारावर पावले आखूड, गुडघे किंचित वाकलेले आणि वेग असा असावा की, केव्हाही तीन पावलांत थांबता आले पाहिजे. आधीच्या काही आठवड्यांत थोड्या थोड्या उतारांवर सराव केला असेल तर स्नायू पुढील इजेला बऱ्याच अंशी तोंड देऊ शकतात, ही एक समाधानाची गोष्ट आहे. दगडांच्या राशी, ओली मुळे आणि पायऱ्यांच्या घाटवाटा मात्र कोणत्याही आडाख्यात बसत नाहीत. तेथे उतारही चालतच उतरावा.

वेस्टर्न स्टेट्स शर्यतीचा जन्मही या दृष्टीने बोधप्रद आहे. मुळात ती शंभर मैलांची म्हणून ओळखली जाणारी अश्वशर्यत होती. गॉर्डी एन्स्ली या घोडेस्वाराने १९७४ मध्ये घोड्याविनाच, आपल्या पायांवर ती पुरी करण्याचे ठरवले आणि चोवीस तासांची मुदत संपण्यास अठरा मिनिटे असताना तो पोहोचला. चोवीस तासांत शंभर मैल म्हणजे ताशी ६.७ किलोमीटर. हा वेग चालण्याच्या टप्प्यातला आहे! मग धावावयाचे कशासाठी? कारण चढावर हा वेग चालून येत नाही, खाण्यापिण्यात आणि ओढे ओलांडण्यातही वेळ जातो. ही तूट भरून काढण्यापुरतीच दुडकी आवश्यक असते.

चालण्याचे विराम केव्हा घ्यावेत, यासंबंधी जेफ गॅलोवे यांचे मत सर्वज्ञात आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर शर्यतीत उतरलेल्या या धावपटूने १९७४ पासून नवशिक्यांना आलटून-पालटून धावण्या-चालण्याची पद्धत शिकवण्यास आरंभ केला. थकल्यावर चालणे नव्हे, तर थकण्यापूर्वी चालणे हे तिचे मर्म आहे. पहिल्या किलोमीटरपासूनच, पाय ताजे असताना, अंगात धावण्याची खुमखुमी असताना चालावयाचे. मनाला हे फार जड जाते, विशेषतः इतर लोक पुढे निघून जात असताना. नवशिक्याने सपाट रस्त्यावर एक मिनिट दुडकी आणि दोन-तीन मिनिटे चाल येथून प्रारंभ करावा. काही महिन्यांच्या सरावानंतर चार मिनिटे दुडकी आणि एक मिनिट चाल इथपर्यंत मजल जाऊ शकते. डोंगरात घड्याळ बाजूला ठेवून वाटेच्याच सांगण्याप्रमाणे वागावे. लांबलचक सपाट पट्ट्यावर वाट काहीच सांगत नाही. तेथे पुन्हा घड्याळ उपयोगी पडते.

चालण्याचे विराम हे भोजनाचेही विराम आहेत. शरीरात साठलेली शर्करा दीड-दोन हजार किलोकॅलरींपुरती असते. चरबीचा साठा त्या मानाने अमाप, पण तो सावकाश उपलब्ध होतो. हलक्या श्रमात चरबीचा वाटा अधिक आणि जोराच्या श्रमात शर्करेचा. दिवसभर धावत राहणारा आपली शर्करा दुपारीच संपवतो. शिवाय धावताना रक्त पायांकडे वळते आणि पोट हिंदकळते, त्यामुळे अन्न पचत नाही. चढ लागला की चालावे आणि चालता चालता चार घास खावेत, ही सवय लांब वाटेवर फार मोलाची ठरते. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी रिचवल्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घातक पातळीपर्यंत उतरल्याची उदाहरणे लांब पल्ल्याच्या शर्यतींत घडली आहेत. दीर्घ श्रमानंतर लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, तर ती स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडे धोक्यात आल्याची खूण असू शकते. तेव्हा पुढे न जाता तात्काळ वैद्यकीय साहाय्य घेतले पाहिजे.

आपल्या हवामानात उष्णतेचा विचार प्रथम करावा लागतो. श्रमातील ऊर्जेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो आणि दमट हवेत घाम वाळत नसल्याने ती अंगातच कोंडते. म्हणून दुडकीचा वाटा पहाटेच्या आणि सकाळच्या प्रहरात संपवावा आणि दुपारी, विशेषतः उघड्या माळावर, निव्वळ चालावे. पाठीवरील ओझ्याचाही असाच विचार करावा. पाण्याची बाटली, खाऊ आणि एखादे पांघरूण एवढे सामान अंगाला घट्ट बांधले असेल तर दुडकी जमते. तंबू आणि शिधा यांनी भरलेली पिशवी प्रत्येक उसळीला खांद्यांवर आणि गुडघ्यांवर आदळते. असे ओझे असताना वेळ वाचवावयाचा असेल तर तो पहाटे लवकर निघून आणि थांबे आखूड करून वाचवावा. आणि अंधार पडल्यावर, विजेरीच्या उजेडात दगड आणि त्याची सावली यांतील फरक नीट ओळखू येईनासा झाला की, दुडकी बंद करून उजाडेपर्यंत चालतच जावे.